चालू की बंद?

बुधवार, रात्री साडेअकरा

तिसरा दिवस संपला, आमच्या फाइल वाचणाऱ्या पायथॉन लायब्ररीतला पॅच (कोडमधला बदल) अजून मर्ज केलेला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलेला नाही. कोड लिहून झालाय, टेस्ट पास आहेत. अडलंय ते एकाच पॅरामीटरपाशी (वापरणाऱ्याला बदलता येणाऱ्या सेटिंगपाशी): मेमरी वाचवणं डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही न निवडता, चालू ठेवायचं की बंद?

सुरुवात एका वापरकर्त्याच्या तक्रारीने झाली. २ कोटी ओळींची फाइल, आमची लायब्ररी ती वाचत असताना प्रोसेस मध्येच मेली. फाइल मागवून पाहिली तर स्टेटसच्या कॉलममध्ये चारच शब्द आलटून पालटून येत होते, आणि आम्ही मात्र दर ओळीला नवी स्ट्रिंग (मेमरीतला मजकुराचा तुकडा) बनवत होतो. पायथॉनमध्ये पाचसहा अक्षरांच्या इंग्रजी शब्दालाही ५० बाइटच्या आसपास जागा लागते. म्हणजे चार शब्दांसाठी जवळपास १ जीबी! तेच शब्द एकेकदाच ठेवले तर दर ओळीला उरतात ते ८-८ बाइटचे पॉइंटर (शब्द मेमरीत कुठे आहे ते सांगणारे पत्ते), मिळून १६० एमबी. त्या माणसाचा वाया गेलेला दिवस मला अजून टोचतोय.

तेव्हा वाटलं, यात विचार कसला करायचा, चालू करून टाकू. मग मुद्दाम उलटी फाइल घेतली: १० लाख ओळी, प्रत्येकीत वेगळा व्यवहार क्रमांक. मेमरीची बचत काहीच झाली नाही. उलट ‘हा शब्द आधी येऊन गेलाय का’ हे बघायला ठेवलेली डिक्शनरीच (पायथॉनमधली झटपट शोधता येणारी यादी) ४० एमबीवर गेली, आणि वेळही जास्त लागला. म्हणून आज दुपारी बदल केला. कॉलमची पहिली काही हजार मूल्यं बघायची, बहुतेक वेगवेगळी निघाली तर त्या कॉलमपुरता नाद सोडायचा. डिक्शनरीही फाइल वाचून होताच टाकून द्यायची.

पॅच पाठवणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, “अरे, एवढं करतोयस तर आकडेही ६४ ऐवजी ३२ बिटांत बसव ना. जागा थेट निम्मी.” मला हे अजिबात पटत नाही. त्याच्यासमोरच १,६७,७७,२१७ हा आकडा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे ठेवायच्या प्रकारात) घालून परत काढला. आला १,६७,७७,२१६. ना एरर, ना वॉर्निंग. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मेमरी संपली तर प्रोसेस मरते, निदान कळतं तरी. एकाने घटलेला आकडा कुणाच्या तरी अहवालात जाऊन बसला तर त्याचा पत्ता कधी लागणार?

सी++ या भाषेच्या १९९८ च्या मानकात बूलचा व्हेक्टर (हो-नाही मूल्यांची यादी) असाच जागा वाचवायला एकेका बिटात दाबून बसवला होता. जागा वाचली, पण त्यातल्या एखाद्या घटकाचा साधा पॉइंटर घेता येईना, आणि इतर व्हेक्टरांवर चालणारा कोड नेमका तिथे अडू लागला. जावा भाषेत सबस्ट्रिंग (स्ट्रिंगमधून कापलेला तुकडा) मूळ स्ट्रिंगचाच ॲरे (अक्षरांचा साठा) वापरायची. दहा अक्षरांचा तुकडा जपून ठेवला की अख्खा मजकूर मेमरीत अडकून राहायचा. २०१२ मध्ये, जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून, ती सरळ कॉपी करू लागली. याउलट पायथॉन ३.६ मध्ये डिक्शनरी २० ते २५ टक्के आटली, आणि त्यासाठी वापरणाऱ्याला कुठलाही पर्याय निवडावा लागला नाही. जो डॉक्युमेंटेशन उघडणारच नाही, डिफॉल्ट त्याच्यासाठीच असतो. त्याचं उत्तर बदलेल असं काही मी त्याच्या नकळत करणार नाही.

पायथॉनची स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, त्यामुळे ती हजार ओळींनी वाटून घेतली तरी धोका नाही. तेव्हा स्ट्रिंगचं चालू, आकड्यांचं बंद, आणि दोघांना वेगळे पॅरामीटर.

मर्जचं बटण दाबणार तेवढ्यात लक्षात आलं: फाइल क्रमाने लावलेली असली तर? पहिल्या काही हजारांत एकच शब्द दिसणार, वेगळेपणा पुढे सुरू होणार, आणि डिक्शनरी फुगतच जाणार. म्हणजे तपासणी मधूनमधूनही व्हायला हवी. उद्या सकाळी आधी त्याची टेस्ट, मग मर्ज.