नकाशावर जंगल, प्रत्यक्षात आंब्याचं झाड

माझं काम जमीन तपासायचं. कुणी परदेशात हजारो हेक्टर शेतजमीन घ्यायला निघालं की पैसे द्यायच्या आधी आम्ही जाऊन बघून येतो. यावेळी ब्राझील, पियावी राज्याचा दक्षिण भाग. मारान्याओ, तोकांतिन्स, पियावी आणि बाहिया, या चार राज्यांच्या नावांवरून या पट्ट्याला मातोपिबा म्हणतात, २०१५ मध्ये सरकारने तो अधिकृत ठरवला आणि सोयाबीनची नवी जमीन म्हणून जगभरचा पैसा तिकडे जातो.

सकाळ वरच्या पठारावर गेली. जमीन एवढी सपाट की नजर अडत नाही. लॅबचा रिपोर्ट चांगला होता, पण तो वरच्या वीस सेंटिमीटरचा, तिथे चुना घातलेला. मी मीटरभर खड्डा घ्यायला लावला तर सोयाबीनची मुळं खाली जाता जाता आडवी वळलेली, खालच्या मातीत आम्लता आणि अॅल्युमिनियम. ऐन पावसाळ्यात पावसाने दडी मारली, तिकडे त्याला वेरानिको म्हणतात, की असं पीक माना टाकतं. पण जिप्सम घालून, दोन-तीन वर्षं देऊन हे सुधारतं, खर्चात धरायचं.

खरी गोष्ट दुपारची. पियावीत शेताची ठराविक टक्के जमीन नैसर्गिक ठेवावी लागते, कायदाच आहे. विकणाऱ्याने ती सगळी खालच्या दरीत दाखवली होती, सॅटेलाइटवर तिथे गर्द हिरवं, आणि मी ऑफिसात बसून त्यावर टिक केली होती. ड्रायव्हर म्हणाला खाली गाडी जाते, म्हटलं चला.

तर तो हिरवा ठिपका म्हणजे एक जुनं आंब्याचं झाड, माझ्या दोन हातांत खोड मावेना, आणि त्याच्याखाली बुरिती ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं घर, बाजूला मनिऑक या कंदाचं शेत. एक आजोबा बाहेर आले. ड्रायव्हर दुभाष्या झाला होता. झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. वर फवारलेलं औषध पावसात इथपर्यंत उतरतं म्हणाले, मग सरळ विचारलं, "तुम्ही घेणारे का?"

मी म्हटलं, "नाही, मी बघायला आलोय." ते "बरं" म्हणाले आणि पाणी आणून दिलं. मला तो तांब्या धरवेना.

कारण शेतातलं राखीव जंगल कुठे आहे हे सांगणारी तिकडची पर्यावरण नोंदणी मालक स्वतःच भरतो. आपल्याकडे तलाठी असतो तसं कुणी आधी बांधावर येत नाही, सरकारी पडताळणी मागून होते आणि कितीतरी वेळ पडून राहते. तेवढ्या काळात या लोकांचं शेत कागदावर राखीव जंगलातलं अतिक्रमण होऊन बसतं. वर पीक मालक घेणार आणि जंगल राखायचं ओझं खालच्यांच्या डोक्यावर. याला चलाखी म्हणत नाहीत, चोरी म्हणतात, आणि मी केलेल्या त्या टिक-मार्कने ती पुढे गेली असती.

संध्याकाळपर्यंत दरीत फिरून अजून सहा घरं जीपीएसवर घेतली. रात्री क्लायंटचा फोन आला, "वरची माती चांगली आहे ना?" म्हटलं माती सुधारेल, पण खाली माणसं राहतात. पलीकडे बराच वेळ शांतता.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर मातीचा तक्ता असतो. मी तिथे आंब्याचा फोटो टाकला, सातही घरांची जागा दिली आणि खाली लिहिलं, दरीतली जमीन वगळून राखीव क्षेत्र नव्याने आखून येईपर्यंत एक पैसाही देऊ नका.