आधी रेघ मार

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात आमच्या सरांनी जवळजवळ अख्खा महिना घालवला. अभ्यासक्रम मागे पडला, पालकांनी कुरकुर केली. ती रास्तच होती. पण आम्ही पोफळी-अलोऱ्याकडची मुलं, निम्म्यांचे वडील कोयना प्रकल्पात कामाला. वीज कशी होते म्हटलं की एकच उत्तर: पाण्यापासून. सरांना ते चालत नसे.

ते फळ्यावर धरण, बोगदा, टर्बाइन काढायचे आणि कुणाच्या तरी हातात खडू द्यायचे. “आधी रेघ मार. आत काय, बाहेर काय ते ठरव, मग ऊर्जेबद्दल बोल.” रेघ नुसत्या पाण्याभोवती मारली तर गुरुत्वबल बाहेरचं, ते पाण्यावर कार्य करतं. पृथ्वीही आत घेतली तर तेच कार्य स्थितिज ऊर्जेतली घट म्हणून मोजायचं. दोन्ही धरलं की हिशेब दुप्पट! आमचे मार्क हमखास इथेच जायचे.

मग आकडे. पोफळीच्या वीजघरात पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. हजार लिटर म्हणजे हजार किलो, गुणिले ९.८, गुणिले ४७५. झाले साडेसेहेचाळीस लाख ज्यूल. छत्तीस लाखांचं एक युनिट, म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. गच्चीवरच्या टाकीभर पाण्याची एवढीशीच वीज, याचं आम्हाला वाईटच वाटलं. त्यात तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरतात, तेव्हा पोफळीपाशी रेघ संपवणाऱ्याचं उत्तर अपुरंच.

सर एवढ्यावर सोडणारे नव्हते. हेच पाणी कड्यावरून नुसतं कोसळलं असतं तर, हवेचा हिशेब सोडून, सुमारे १.१ अंशाने तापलं असतं. टर्बाइनमधून निघालेलं पाणी तेवढं तापत नाही. मग तो अंश गेला कुठे? बराचसा तारांवरून मुंबईकडे, थोडा ट्रान्सफॉर्मरच्या तेलात. हे ऐकल्यावर वर्ग पहिल्यांदाच गप्प झाला असावा. एरवी आमचा तास म्हणजे बाजार.

आता मी कारखान्यांची ऊर्जा-तपासणी करतो. साखर कारखान्यात बॉयलरच्या कार्यक्षमतेवरून हटकून वाद होतो. तिथे जाळतात ते बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा; त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. त्याची वाफ करायला गेलेली उष्णता हिशेबात धरली की नाही, यावर आकडा दहा टक्क्यांहून जास्त हलतो. वाद घालणारे दोघेही आपापला आकडा बरोबर म्हणून भांडतात, आणि बरोबर असतातही. रेघ कुठे मारली ते मात्र दोघांच्याही कागदावर नसतं.