बाईंचं गॅदरिंग

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई येत्या ३१ मेला निवृत्त होताहेत. खरं म्हणजे अजून दोन वर्षं बाकी आहेत. खाजगी अनुदानित शाळेत शिक्षकाला ५८ व्या वर्षी थांबावं लागतं, ज्या महिन्यात वय पुरं होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १ जून ही जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी इतक्यांच्या नावापुढे लिहून ठेवली, की दर ३१ मेला जिल्ह्यातल्या अर्ध्या स्टाफरूम रिकाम्या होतात. (एक तारखेचा जन्म असला की आदल्या दिवशीच सुटी.) बाईंचं तसं नाही. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली. त्यासाठी २० वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. बाईंची सेवा ३२ वर्षांची, त्यातली १४ मुख्याध्यापकपदाची. पत्र त्यांनी फेब्रुवारीअखेर संस्थेला दिलं, पण तोंडी सांगितलं ते ऑगस्टमध्येच, गॅदरिंगच्या पहिल्या बैठकीआधी आठवडाभर.

ऑगस्टच का, हे तेव्हा अनेकांना कळलं नव्हतं. बाईंचं गणित सरळ होतं. जानेवारीत स्टेजवर जाहीर केलं असतं तर पोरांचं गॅदरिंग बाजूला पडून त्याचा निरोपसमारंभ झाला असता. ऑगस्टमध्ये सांगितलं म्हणून यंदाचं सगळं गॅदरिंग पर्यवेक्षक सरांनी उभं केलं आणि बाई विचारलं तेवढंच बोलल्या. गॅदरिंग हातून सुटलं की शाळा हातून सुटली, असं त्या अर्धवट चेष्टेत म्हणत. आणि आमच्या शाळेपुरतं ते खरंही आहे, कारण बाईंच्या कारभाराची सगळी रीत त्या दोन दिवसांत दिसायची.

गॅदरिंग दोन दिवसांचं असावं, हा पायंडा त्यांचाच. पूर्वी एकाच संध्याकाळी पहिली ते दहावी सगळे उरकत. लहानांचे नाच झाले की त्यांचे आईबाप पोरं घेऊन घरी जायचे आणि आठ वाजता नववीचं नाटक रिकाम्या खुर्च्यांपुढे व्हायचं. शिवाय पहिलीची पोरं विंगेत पेंगायची, थंडीत कुडकुडायची. मग पहिला दिवस प्राथमिकचा, दुसरा माध्यमिकचा असं ठरलं. मंडपाचं भाडं वाढलं, पण मंडपवाल्याचा मोठा खर्च बांधण्या-सोडण्याचा असतो, त्यामुळे दुसरा दिवस दुपटीत पडत नाही. संस्थेच्या सभेत बाईंनी हे कोटेशन पुढे ठेवून पटवलं होतं.

कार्यक्रम किती घ्यायचे यावरून दरवर्षी वाद व्हायचा. प्रत्येक वर्गशिक्षिकेला आपल्या वर्गाचे दोन हवे असत. बाई फळ्यावर हिशेब मांडायच्या. २४ कार्यक्रम, प्रत्येकी ४ मिनिटं, झाली ९६. दोन कार्यक्रमांमध्ये दीड मिनिट धरलं तर आणखी ३६. एकूण १३२ मिनिटं, म्हणजे सहाला पडदा उघडला तर सव्वाआठच्या आत मोकळे. पण मधला वेळ दीडऐवजी तीन मिनिटं झाला तर तेच २४ कार्यक्रम १६८ मिनिटं खातात. गॅदरिंग लांबतं ते नाचांमुळे नाही, दोन नाचांच्या मधल्या रिकाम्या स्टेजमुळे, हे त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात बसवलं. त्यासाठी नियम असा, की एक नाच स्टेजवर, पुढचा विंगेत, त्यापुढचा विंगेमागच्या वर्गात पूर्ण कपड्यांत बसलेला. चौथा अजून रंगत असला तरी चालेल. आत यायचं डावीकडून, बाहेर पडायचं उजवीकडून. हा एक नियम मोडला की विंगेत परडी घेतलेल्या कोळिणी आणि भाले घेतलेले मावळे एकमेकांत अडकतात, आणि दरवर्षी कुणाची तरी परडी फुटते.

लेझीम मात्र स्टेजवर कधीच नाही. बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटायचं, कारण लेझीम आमच्या शाळेची शान. पण भाड्याचं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेले फळ्यांचे तक्ते. ४० पोरं एका ठेक्यात उड्या मारायला लागली की घोडे इंचाइंचाने सरकतात, तक्त्यांत फट पडते आणि जाजमाखाली ती दिसतही नाही. शिवाय पुढचे माइक पायांची धपधप तेवढी उचलतात, हलगी बिचारी मागे राहते. म्हणून स्टेज आणि पहिली रांग यांच्यामध्ये १५ फुटांची मोकळी पट्टी सोडायची आणि लेझीम तिथं. त्या पट्टीवर पाणी मारायचं ते दुपारी तीनला. पाचला मारलं तर चिखल होतो, मारलंच नाही तर धूळ पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या घशात जाते. याच लेझमीचा आणखी एक उपयोग होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर लेझीम सुरू करायची, आणि ती २४ कार्यक्रमांच्या हिशेबात धरायची नाही. पाहुण्यांसाठी पडदा थांबवलेला बाईंच्या काळात कुणाला आठवत नाही.

आवाजाची भानगड मोठी. कॅसेटच्या काळात प्रत्येक नाचाची कॅसेट वेगळी, गाणं पहिल्याच बाजूला, आणि सुरुवातीची कोरी पट्टी पेन्सिलीनं गुंडाळून गाणं जिथं सुरू होतं तिथं आणून ठेवलेली. कुणी उत्साहाने आदल्या रात्री घरी वाजवून बघितली की संपलं. पोरं हात वर करून उभी आणि स्पीकरमधून भलत्याच गाण्याचं शेवटचं कडवं. वीज कमी-जास्त झाली तर गाणं रडवेलं व्हायचं ते वेगळंच. पुढे सीडी आल्या, त्या ओरखड्यावर अडकायच्या. आता पेन ड्राइव्ह आहे, आणि त्याच्या खोड्या निराळ्या. फाइलच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक हवेत. नुसते १, २ लिहिले तर काही यंत्रांवर १ नंतर १० वाजतं. दुसरा पेन ड्राइव्ह तयार असायलाच हवा, आणि तोही त्याच साउंडवाल्याच्या यंत्रावर आदल्या दिवशी वाजवून बघितलेला. मोबाइलवरून गाणी लावायला बाईंची सक्त मनाई होती. भूपाळी सुरू असताना मध्येच एखाद्या मामाचा फोन आला की काय होतं, हे शेजारच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद हवा, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. पोलीस ठाण्याचा परवाना पंधरा दिवस आधी काढून ठेवायचा आणि त्याची झेरॉक्स साउंडवाल्याच्या टेबलावर चिकटवायची. बाईंनी मात्र पडदा पाडायची वेळ साडेआठ ठेवली होती. लांबच्या वाडीवरच्या पोरांची शेवटची एसटी पावणेनऊची.

लहान मुलं परत सोपवणं हे सगळ्यांत जोखमीचं काम. रंगवलेल्या चेहऱ्यांत आपलं पोर आईलाही पटकन ओळखू येत नाही, आणि शिक्षिकेला आलेले काका खरे काका आहेत का हे कळत नाही. बाईंनी त्यावर पत्रिकेच्या जाड कागदाचं एक कार्ड काढलं. मधोमध फाडायचं, एक अर्धं सकाळी पालकांकडे, दुसरं मुलाच्या कपड्याला आतून सेफ्टी पिनने लावलेलं. दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक आणि फाडलेली कड जुळली पाहिजे. जुळली नाही तर मूल वर्गातच बसेल, मग समोर कुणीही असो. एकदा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनाच कार्डाचा तुकडा आणायला घरी परत जावं लागलं होतं. आतून पिन लावायचं कारण साधं आहे. बाहेरून लावली की फोटोत दिसते म्हणून आयाच काढून टाकतात.

बक्षीस समारंभ सकाळी. रोख बक्षिसं माजी विद्यार्थ्यांनी आणि दिवंगत शिक्षकांच्या घरच्यांनी ठेवलेल्या ठेवींच्या व्याजातून देतात. पाच हजारांच्या ठेवीवर ८ टक्क्यांनी ४०० रुपये येत, साडेसहा टक्क्यांनी ३२५. आकडा उतरत गेला, पण पाटीवरचं नाव तेच राहिलं. देणगीदारांना पत्र पाठवून ठेव वाढवून घेणं किंवा दोन छोट्या ठेवींचं त्यांच्या संमतीने एक बक्षीस करणं, हे बाईंनी चिकाटीने केलं. देताना वेळ जातो तो मूल गर्दीतून उठून येण्यात. ९० बक्षिसं, प्रत्येकी दहा सेकंद धरली तर पंधरा मिनिटं. पोरं वाटेल तिथं बसलेली असतील तर पंचवीस सेकंद लागतात आणि साडेसदतीस मिनिटं होतात. म्हणून बक्षीसपात्र मुलं पुकारण्याच्या क्रमाने दोन रांगांत बसवायची, आणि सुरू होण्याआधी हजेरी घेऊन गैरहजर मुलांची पाकिटं टेबलावरून उचलायची. एक पाकीट राहिलं की तिथून पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचं बक्षीस मिळतं.

अल्पोपाहाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन बटाटेवडे, एक बुंदीचा लाडू, आणि वडे आचाऱ्याने शाळेच्या मागे तिथेच तळायचे. बाहेरून तळून आणलेले पिशवीत घाम धरतात.

शेलापागोट्यांबद्दल मात्र सांगायला हवं. त्यांना आता सगळेच फिशपाँड म्हणतात. पुष्कळ शाळांनी ते बंद केले, आणि कारणही समजण्यासारखं आहे. चिठ्ठीवर नाव नसतं आणि पोरं क्रूर असतात. बाईंनी बंद केले नाहीत, चाळणी लावली. कार्यालयाबाहेर कुलुपाची पेटी दहा दिवस असायची. त्यात चारशेच्या आसपास चिठ्ठ्या पडायच्या, वाचल्या जायच्या पस्तीस-चाळीस. शरीर, रंग, जात, घरची गरिबी आणि मुलामुलींच्या जोड्या, यावरची चिठ्ठी सरळ फाडायची, कितीही विनोदी असली तरी. तीन शिक्षकांपैकी एकाला जरी खटकली तरी बाद. आणि शिक्षकांवरच्या किमान दहा हव्यातच, त्यातल्या दोन बाईंवर. त्या दोन्ही बाई स्वतः माइकवर वाचायच्या. एक बरीच वर्षं सगळ्यांच्या तोंडी होती:

‘चपलांचा आवाज येताच वर्ग म्हणतो पाढा,
आवाज पुढे गेला की पुन्हा सुरू राडा!’

सोबत भेट म्हणून घुंगरांची जोडी, चपलांना बांधण्यासाठी. बाईंनी ती खरंच पुढचा आठवडाभर बांधली. फिशपाँड खरोखर कुणाला लागू शकतो, आणि लागलेला हसून कसा घ्यायचा, हे मुलांना भाषणाने कळत नाही. चाळणी सांभाळायला तीन माणसं नसतील तर मात्र ही पद्धत बंद केलेलीच बरी.

यंदा बाई तिसऱ्या रांगेत बसल्या. अहवालवाचन सरांनी केलं, सात मिनिटांत, नियमाप्रमाणे. चौदाव्या कार्यक्रमाला मधला वेळ चार मिनिटांवर गेला, कारण भाड्याच्या पेटीतून दोन नऊवाऱ्या कमी निघाल्या. ड्रेपरीवाल्याचं सामान ताब्यात घेतानाच मोजायचं असतं, यादीवर त्याची सही घेऊन. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि जागच्या हलल्या नाहीत. ते अंतर पुढच्या तीन कार्यक्रमांत सरांनी भरून काढलं.

सध्या कार्यालयात चार्ज देण्याचं काम चालू आहे. पेन्शनचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयातून महालेखापालांकडे जातो. सेवापुस्तकाची पडताळणी झालेली नसेल तर तो वाटेतच परत येतो, म्हणून बाईंनी ती आधी करून घेतली. नवीन मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने ठरतात, पण त्यांच्या सहीला मान्यता येईपर्यंत पगारबिल अडतं आणि जूनचा पगार सगळ्या स्टाफचाच लांबतो. तो प्रस्तावही गेला आहे. शालार्थ (पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायस (शाळेच्या माहितीची) यांच्या लॉगिनला बाईंचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. ओटीपीसाठी निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी फोन करत बसणाऱ्या शाळा कमी नाहीत. आमच्याकडे नंबर एप्रिलमध्येच बदलायचं ठरलंय.

निरोपसमारंभ १ मेला, ध्वजवंदन आणि निकालानंतर. ३१ मेला शाळेत शिपायाशिवाय कुणी नसतं. शाल-श्रीफळापलीकडे भेटवस्तू नको असं बाईंनी आधीच सांगितलंय. वर्गणीचे २५,००० जमलेत, ते ठेवीत टाकायचे. ७ टक्क्यांनी वर्षाला १,७५० रुपये येतील, त्यातून साडेतीनशेची पाच बक्षिसं, आणि ती स्टेजवर न आलेल्या पोरांना. पडदा ओढणारा, विंगेत क्रम लावणारी, पेटी मोजणारा, अशांना. ठेव शाळेच्या नावाने असेल, बाईंच्या नाही, असा त्यांचा आग्रह आहे. त्यावर दोन सह्या लागतील, मुख्याध्यापक आणि सचिव. जुन्या सात ठेवींवर मात्र अजून बाईंची सही आहे. ती बदलायला बँक संस्थेच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागते, आणि ठराव होणार १० मेच्या सभेत.