पायरी चढलेली माणसं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. गंमत अशी, की आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सुरुवातीला स्वतःची पायरीच नव्हती. २८ जानेवारी १९५० रोजी ते उघडलं ते संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात. संस्थानिक जिथे बसायचे तिथे सरन्यायाधीश हरिलाल कानिया बसू लागले. टिळक मार्गावरची घुमटाची इमारत मिळायला १९५८ उजाडलं. तोवर बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरात, आणि काम काय, तर घरमालकानं केलेले कायदे तपासायचं!

तरी लोक आलेच. खटल्याच्या नावात ‘विरुद्ध’च्या पलीकडे बहुधा सरकार असतं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. राहतो तो अलीकडचा माणूस. आणि तो जिंकलेलाच असतो असंही नाही.

ए. के. गोपालन हे कम्युनिस्ट पुढारी १९५० मध्ये मद्रासच्या तुरुंगातून आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध भांडले आणि हरले. मूलभूत हक्क सुटे सुटे नव्हे, एकत्र वाचायला हवेत, असं न्या. फझल अली एका बाजूनं सांगत राहिले. ते पटायला बाकीच्यांना वीस वर्षं लागली. (केरळातली कॉफी हाउसं कामगारांच्या सहकारी संस्थांच्या हाती आली, त्यामागेही हेच गोपालन. मला माणूस आधी कॉफीमुळे माहीत होता, खटला नंतर कळला.)

चंपकम दोराईराजन यांची तऱ्हा निराळी. मद्रासमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या जागा जातीधर्मानुसार वाटून दिल्या होत्या. त्याविरुद्ध त्या १९५१ मध्ये जिंकल्या. पण निकालपत्रातच नोंद आहे, की बाईंनी प्रवेशासाठी अर्ज केलेलाच नव्हता! सरकारनं त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून मागासवर्गांसाठी वाट मोकळी केली.

मला सगळ्यात आवडतात ते केशवानंद भारती. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांत मठाची जमीन जाणार, म्हणून आले. त्यांच्या बाजूनं वकील नानी पालखीवाला उभे राहिले, तेरा न्यायाधीश बसले, ६८ दिवस युक्तिवाद चालला, आणि जमीन राहिली बाजूलाच. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमतानं ठरलं, की संसदेला राज्यघटना बदलता येईल, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? आणि केरळच्या त्या कायद्यांना कवच देणारी २९ वी घटनादुरुस्ती? ती न्यायालयानं कायम ठेवली.

स्वामी २०२० मध्ये गेले. कायदा शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी त्यांचं नाव आहे. मला मात्र राहून राहून त्या जमिनीचंच कुतूहल वाटतं. तिथे नारळ होते, की सुपारी?