राजाची उडी

बुद्धिबळ स्पर्धेत पंचाकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. मोबाईल वाजला, मोहऱ्याला हात लागला, नाहीतर पालक खिडकीतून खुणा करताहेत. लातूरच्या त्या खुल्या स्पर्धेत मात्र एका पोराने ओरडून बोलावलं, "सर, आजोबांचा राजा घोड्यासारखा उडाला!"

खरंच. ई८ वरचा राजा थेट सी७ वर, आणि घड्याळही दाबलेलं.

"एकदा उडी असतीच की राजाला," आजोबा म्हणाले. "शह कुठं बसलाय अजून?"

देशी बुद्धिबळात असते. तिथं किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणं, नाही. शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. पोराच्या स्कोअरशीटवर नजर टाकली. काळ्याच्या चाली डी६, घोडा एफ६, जी६, उंट जी७, सी६. काळ्याच्या अशा सुरुवातीला क्लासमधली पोरं पिर्ट्स डिफेन्स म्हणतात. आजोबांना पारावरची एकेक घर सरकायची सवय, एवढंच. १८५०च्या आसपास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रनपुढे अशीच मांडणी करायचे. 'इंडियन डिफेन्स' हे नाव तिथूनच आलं असं मानतात.

पहिली बेकायदा चाल म्हणून राजा परत ई८ वर ठेवला आणि पोराला दोन मिनिटं वाढवून दिली. आजोबांना बजावलं, पुन्हा असं झालं तर डाव जाईल. हात राजाला लागला होता, तेव्हा राजाच हलवणं भाग होतं.

"म्हणजे किल्लेकोट गेला ना, सर?" पोराने विचारलं.

गेला नव्हता. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमात किल्लेकोट ही राजाचीच चाल धरलेली आहे, आणि एफ८, जी८ दोन्ही घरं मोकळी होती. पण डाव चालू असताना तेवढं बोलणंसुद्धा आजोबांना सल्ला दिल्यासारखं झालं असतं. "राजाची कुठलीही कायदेशीर चाल चालेल," एवढंच म्हणालो.

आजोबांनी बराच वेळ घेतला. मग उजव्या हाताने राजा जी८ वर ठेवला आणि डावा हात हत्तीकडे निघाला. माझ्या पोटात गोळा! दोन्ही हातांनी किल्लेकोट करून घड्याळ दाबलं तर तीही बेकायदा चालच, आणि ती दुसरी ठरली असती. तो हात मध्येच वळून टोपीकडे गेला. हत्ती उजव्याच हाताने एफ८ वर आला.

डाव बरोबरीत सुटला. पोराचे वडील नंतर तावातावाने आले, त्यांना किल्लेकोटाचा नियम ३.८.२ उघडून दाखवला. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे क्लासवाल्यांनी शिकवायला नको का?"