मीटिंग संपल्यानंतरची दहा मिनिटे

घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांची एक टीम मी गेली काही वर्षे सांभाळते आहे. आमच्या ऑनलाइन मीटिंग वेळेवर होतात, नेमक्या असतात आणि त्यांत विषय सोडून कोणी बोलत नाही. उणीव होती ती मीटिंग संपल्यानंतर, आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. ऑफिसमध्ये मीटिंग संपली की माणसे खुर्च्या सरकवून उठतात, आपापल्या जागेपर्यंत सोबत चालतात, आणि चारचौघांसमोर विचारता न आलेला प्रश्न त्या चालण्यात हळूच विचारून घेतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये मात्र सगळे एकदमच ‘बाय’ म्हणतात आणि पुढच्या क्षणी प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा असतो.

एकदा टिपणे आवरता आवरता मी कॉलवर तशीच राहिले होते. पाहिले तर आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेला एक सहकारीही अजून तिथेच होता. त्याचा माइक दोनदा सुरू झाला आणि दोनदा बंद झाला. मग तो म्हणाला, “एक विचारायचं होतं, पण छोटंच आहे.” प्रश्न खरोखरच छोटा होता: एका जुन्या फाइलमधला हिशेब कोणी बसवला होता, आणि तो बदलायचा असेल तर कोणाला सांगावे लागेल? एवढ्यासाठी तो तीन दिवस अडून बसला होता. उत्तर ठाऊक असलेली माणसे दुसऱ्या टीममध्ये होती, त्यांच्याशी त्याचे कधी बोलणे झालेले नव्हते, आणि अनोळखी माणसाला असला किरकोळ प्रश्न चॅटवर लिहून विचारण्याचा त्याला संकोच वाटत होता. मला फार वाईट वाटले, कारण आठ महिने मी त्याच्या कामावर लक्ष ठेवले होते, पण त्याची कोणाशी ओळख झाली आहे की नाही, हे एकदाही पाहिले नव्हते.

हे एकट्या माझ्या टीमचे दुखणे नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० सालच्या पहिल्या सहामाहीतील संपर्काचा अभ्यास करून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. सगळे घरी बसल्यावर माणसे आपापल्या गटातच अधिक गुंतली आणि एका गटाला दुसऱ्याशी जोडणारे दुवे कमी झाले, असे त्यात आढळले. रोजच्या कामातली माणसे कामाच्या निमित्ताने बोलतच राहतात. तुटतात त्या जुजबी ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले होते की, नवी माहिती आपल्यापर्यंत बहुधा अशा जुजबी ओळखींतूनच पोहोचते.

यावर उपाय म्हणून आम्ही आधी शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन खेळ ठेवले होते. आता मी ते पूर्ण बंद केले आहेत. कामाची वेळ संपल्यावर, घरची माणसे वाट पाहत असताना, पुन्हा स्क्रीनसमोर बसून हसतमुख राहायला लावणे हे सहकाऱ्यांवर लादलेले आणखी एक कामच असते, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली आहेत, त्यांत सतत स्वतःचाच चेहरा दिसत राहणे आणि एका जागी खिळून बसावे लागणे हीदेखील आहेत. म्हणून गप्पांच्या कॉलवर आम्ही कॅमेऱ्याची सक्ती ठेवलेली नाही. फोन कानाला लावून फेऱ्या मारत बोलणारी माणसे मला जास्त मोकळी वाटली.

त्या खेळांऐवजी तीन गोष्टी सुरू केल्या. दर पंधरवड्याला वेगवेगळ्या टीममधील दोघांची जोडी चिठ्ठ्या टाकून ठरते आणि त्यांना कामाच्याच वेळेतला अर्धा तास मिळतो. सुरुवातीला या जोड्या अवघडून गप्प बसत, म्हणून प्रत्येकाने आपण सध्या कुठे अडलो आहोत ते सांगावे, एवढाच धागा दिला. अडचण सांगता सांगता माणूस आपोआप स्वतःविषयीही बोलू लागतो. नव्या सहकाऱ्याला पहिले तीन महिने एक सोबतीही दिला जातो. तो त्याचा वरिष्ठ नसतो, कारण ‘हे कोणाला विचारू?’ असा प्रश्न वरिष्ठाला विचारणे जड जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे मीटिंग संपल्यानंतरची दहा मिनिटे. विषय संपला की मी तसे सांगते, रेकॉर्डिंग बंद करते आणि कॉल चालू ठेवते. ज्यांना जायचे आहे त्यांनी निःसंकोच जावे. जाणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही. काही दिवशी कोणीच थांबत नाही आणि मी टिपणे आवरत बसते. काही दिवशी दोघे-तिघे राहतात आणि मीटिंगमध्ये कोणी उच्चारली नसती अशी शंका तिथे निघते. या वेळेचा हिशेब वरिष्ठांना द्यावा लागला, तेव्हा मी त्या तीन दिवसांच्या खोळंब्याचे उदाहरण दिले.

एक अडचण अजून उरली आहे. दुसऱ्या टाइम झोनमधील दोघा सहकाऱ्यांसाठी ही दहा मिनिटे मध्यरात्रीनंतर येतात, त्यामुळे ते कधीच थांबत नाहीत. पुढच्या महिन्यापासून मीटिंगची वेळ आळीपाळीने बदलायची असे ठरले आहे, आणि पहाटे पाचची पहिली पाळी मी मागून घेतली आहे.