एकटीनं बघायचं सोडून पंचवीस जणांना कशाला नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे विचारणारे तुम्ही पहिले नाही. शाळेतले पालक विचारतात, बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतले विचारतात, माझी सख्खी जाऊसुद्धा विचारते. "बाई, तुम्हाला जुन्या देवळांची, रानाची आवड आहे, ते कळतं. पण निवांत एकटं जाऊन बघावं की. दर महिन्याला लोकं गोळा करायची, टेंपो ठरवायचा, कोण आलं कोण राहिलं बघायचं, कशाला हा व्याप?"

कारण एकटीनं मी वीस वर्षं बघत होते आणि मला फारसं काही दिसलं नव्हतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, मी लहानपणापासून बघत आले. आजीबरोबर गेले, सहलीच्या पोरांना घेऊन गेले. माहिती तोंडपाठ होती: रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, साल 1204, गाभाऱ्यात नेमिनाथ, मंडपाच्या छताला उलटं टांगलेलं दगडी कमळ. आपलं गाव तेव्हा वेणुग्राम होतं आणि रट्टांनी सौंदत्तीहून राजधानी इथं आणली, हेही मी पोरांना सांगायची. सगळं खरं. पण सांगून झालं की पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

मग लोकांना घेऊन महिन्याच्या फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या फेरीला उद्यमबागेतला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातला, एक टर्नर आला होता. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. बायकोनं आग्रह केला म्हणून आलेला, सुरुवातीला दारातच थांबला होता. मी कमळाबद्दल बोलत होते, सगळ्यांच्या माना वर होत्या. ह्याचं लक्ष मात्र खांबाकडं. गुडघ्यावर बसून त्यानं खांबावरची एकाखाली एक गेलेली वर्तुळं बघितली. मग बॅटरी आडवी धरून उजेड खांबाच्या कडेनं सोडला. तसा उजेड पडल्यावर काळ्या गुळगुळीत दगडावर केसाएवढ्या बारीक रेघा उठून दिसायला लागल्या, सगळ्या गोल गेलेल्या. "बाई," तो म्हणाला, "हे छिन्नीनं केलेलं नव्हे. हा जॉब फिरवलाय. टूल एका जागी धरलंय आणि दगड फिरवलाय."

पुस्तकात ह्याला कांतीव खांब म्हणतात. तो शब्द मी शंभर वेळा वाचला होता. कांतणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. एवढं वजन फिरवायला माणसं किती लागली असतील, का बैल लावले असतील? खांब उभा धरून फिरवला की आडवा? सेंटर कसं काढलं असेल? तो अर्धा तास त्या एका खांबापाशी होता आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तोवर मंडपात पाठीवर झोपून कमळाच्या पाकळ्या मोजत होता. लोक बहात्तर सांगतात. त्याची मोजणी दर वेळी चुकायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याला कुणी उठवलं नाही.

त्या देवळाला दिलेल्या दानांची नोंद असलेले दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते तिकडं गेले ह्याचं मला वाईट वाटतं. पण खांब इथंच आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसं उद्यमबागेत रोज पाळीवर जातात. त्यांना आपण कधी बोलावलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तो टर्नर एक तुकडा घेऊन आला. पितळेच्या टाकाऊ सळईतून त्यानं वीतभर खांब कांतून आणला होता, तीच वर्तुळं, तीच खोबण. आता बस्तीत शिरायच्या आधी तो तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरतो, म्हणजे आत गेल्यावर खऱ्या खांबाला कुणी हात लावत नाही.

हलशीचंही असंच. खानापूरच्या पुढं रस्ता आत वळतो आणि शेतांच्या मधोमध अचानक भूवराह नरसिंहाचं देऊळ समोर येतं. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, आत समोरासमोर दोन गाभारे. गाव त्याहून कितीतरी जुनं. आधीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, पलाशिका. मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं ताम्रपटात आहे. पलाशिका म्हणजे पळसाचं गाव, इथवर मला माहीत होतं. पण पलाशिकेची हलशी कशी झाली? मी आपली 'अपभ्रंश' म्हणून पुढं जायची.

त्या फेरीत धारवाडकडच्या एक निवृत्त कन्नड शिक्षिका होत्या, आमच्यातल्या एकीच्या विहीणबाई. त्यांना मराठी समजतं, बोलताना अडखळतात. त्या म्हणाल्या, जुन्या कन्नडातला 'प' पुढं 'ह' झाला. दूध आधी पाल्, आता हालु. वाघ आधी पुलि, आता हुलि. गाव आधी पळ्ळि, आता हळ्ळि. तसंच पलसिगेचं हलसिगे, आणि मग हलशी. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी बोटानं धुळीत अक्षरं काढून दाखवली. आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी लगेच गावांच्या नावांतला 'ह' परत 'प' करून बघायला लागली, बसमध्ये बेळगाव येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

आपल्या सीमाभागात एका पाटीवरून, एका नावावरून माणसं किती दुखावतात, हे मला घरातूनच माहीत आहे. माझे वडील सीमाप्रश्नाच्या आंदोलनात होते. म्हणून हे मी जपून लिहिते आहे. हलशीच्या नावातला पळस मराठी माणूस ओळखतो आणि त्याचा 'ह' कसा झाला ते कन्नड माणूस सांगतो. तो ताम्रपट तर संस्कृतात. त्या पायरीवर आम्ही सगळे बसलो होतो तेव्हा एक जण जरी कमी असता तरी ते नाव पुरतं उलगडलं नसतं. मला एकटीला तर नाहीच.

आता रानाबद्दल. इथं मात्र आमची चूक झाली होती, तीही सांगते. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात आम्ही जांबोटीच्या बाजूला धबधबा बघायला दोन बस नेल्या. नव्वद माणसं. लोक येतात ह्याचाच आनंद होता, संख्या किती हे बघितलंच नाही. एका बसमध्ये गाणी लागली. उतरल्यावर वाट चिखलाची म्हणून माणसं बांधावरून निघाली, बांध अरुंद म्हणून खाली उतरली, आणि खाली भाताचा तरवा होता. महिनाभर जपलेली, लावणीला आलेली कोवळी रोपं. परत येताना बघितलं तर शेताची मालकीण, पन्नाशीची बाई, डोक्यावर इरलं घेऊन वाकून एकेक रोप सरळ करत होती. आम्हाला ती एक शब्दही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण परत गेलो आणि दिवसभर तिच्या शेतात लावणी केली. माझी रोपं ती मागून येऊन पुन्हा नीट लावत होती, तीनतीन बोटं खाली. त्या दिवसापासून पंचवीसच्या वर माणसं नाहीत. स्पीकर नाही. ज्या गावात जायचं त्या गावातलं कुणीतरी वाट दाखवायला हवं आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी बाजूला काढायची. आणि तरवा शेतात असताना त्या वाटेनं जायचंच नाही.

काही ठिकाणी तर अजिबात जात नाही. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. त्यात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथं रॉटन ह्या इंग्रजाच्या नावानं ओळखलं जाणारं वटवाघूळ राहतं. ते शास्त्राला पहिल्यांदा सापडलं ते ह्याच गुहांमध्ये, आणि कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं ते माहीतच नव्हतं. विश्रांतीच्या वेळी उजेड पडला, माणसांचा आवाज झाला तर वटवाघळं जागा सोडतात, पिल्लं दगावतात. दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतं, "एकदा परवानगी काढून जाऊया की बाई." मी नाही म्हणते. आपल्या जिल्ह्यात असं काही आहे, एवढं माहीत असणं मला पुरतं.

त्याऐवजी कणकुंबीला जातो. माउली देवीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. तिथं आमच्यातल्या एकीनं कुंडातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिचं माहेर हुबळीचं. लहानपणी नळाला पाणी आलं की घागरी घेऊन पळायचं ते मलप्रभेचं, सौंदत्तीच्या धरणातनं येणारं. नदी तिनं कधी बघितली नव्हती. कणकुंबीचे वाटाडे काका म्हणाले, "ह्या कड्याच्या अल्याड पडलेला पाऊस कृष्णेला मिळतोय, पल्याडचा म्हादईतनं गोव्याला." एकाच ढगातलं पाणी, निम्मं बंगालच्या उपसागराला आणि निम्मं अरबी समुद्राला. भूगोलाच्या तासाला जलविभाजक म्हणून मी हे फळ्यावर काढते. पण त्या डोंगरावर पावसात उभं राहून दोन्हीकडं आळीपाळीनं बघणाऱ्या पोरांचे चेहरे मी वर्गात कधी बघितले नाहीत.

नंदगडला आम्ही 26 जानेवारीला जातो, कारण 1831 साली त्याच तारखेला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला तिथं फाशी दिलं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खणली. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात ह्या एकाच अधिवेशनाला. तिथं आम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवतो आणि त्यांनी आपल्या आईबापांकडून काय ऐकलं ते विचारतो. ह्या फेऱ्या छोट्या असतात, दोन तासांच्या.

ती जांबोटीकडची बाई, जिचा तरवा आम्ही तुडवला होता, तिच्याकडं आता आमचं जाणं-येणं आहे. मी तिला वैनी म्हणते. गेल्या फेरीला ती स्वतः आली, सुनेला आणि नातवाला घेऊन. तीस वर्षं ती बेळगावच्या बाजाराला येते, किल्ल्याच्या तळ्यावरून बसमधून जाते, पण वेशीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. कमल बस्तीत पितळेचा तुकडा तिनं हातात फिरवून बघितला, नातवाला दिला. सगळे कमळ बघत होते. ती मंडपाच्या कडेला जाऊन छपराच्या दगडांकडं बघत उभी राहिली, आणि मला विचारलं,

"एवढ्या छपरावरचं पावसाचं पाणी कुठनं जातंय ओ बाई?"

मला माहीत नव्हतं. टर्नरला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आम्ही पंचवीसच्या पंचवीस जण बाहेर आलो आणि माना वर करून देवळाभोवती फिरायला लागलो. पुढं ती होती.